‘साम्यवाद’ म्हणजे नेमके काय? : एका शब्दावरचा पावणेदोनशे वर्षांचा वाद

१/
भारतातील कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केव्हा झाली? प्रश्न स्पर्धा परीक्षेतला वाटतो. पण त्याची दोन उत्तरे आहेत. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सांगतो : १७ ऑक्टोबर १९२०, ताश्कंद. भारतीय कम्युनिस्ट पक्ष सांगतो : २६ डिसेंबर १९२५, कानपूर. घटना दोघांनाही मान्य आहेत. मग तारखा वेगळ्या कशा?

२/
ताश्कंदला एम. एन. रॉय यांच्यासह सात जण जमले. मॉस्कोतील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छायेत, मायदेशापासून दूर, त्यांनी पक्ष स्थापन केला. कानपूरला मात्र देशात काम करणारे निरनिराळे गट प्रथमच एका अधिवेशनात एकत्र आले. जागतिक क्रांतिसंघटनेचा अंश म्हणजे कम्युनिस्ट पक्ष, की स्वतःच्या भूमीत उभी राहिलेली संघटना म्हणजे कम्युनिस्ट पक्ष? व्याख्या ठरली की तारीख आपोआप ठरते.

३/
या धाग्यात याच जातीचा, पण अधिक मोठा प्रश्न पाहू : साम्यवाद कशाला म्हणायचे? विरोधकांचे राहो, खुद्द साम्यवाद्यांमध्येही यावर कधी एकमत झाले नाही. हा वाद पंडितांच्या बैठकीपुरता राहिला असता, तर इतिहासाने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. या व्याख्येपायी माणसे पक्षातून काढली गेली, तुरुंगात गेली आणि गोळ्यांना बळी पडली.

४/
पुढे जाण्यापूर्वी एक खूणगाठ बांधून ठेवू. ‘साम्यवाद’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली, एक ध्येय : खासगी मालकी, वर्ग आणि अखेरीस राज्यसंस्थाही नसलेला समाज. दुसरी, एक चळवळ : त्या दिशेने लढणारे लोक आणि संघटना. तिसरी, एक राजवट : कम्युनिस्ट पक्षाच्या हाती सत्ता असलेली शासनव्यवस्था. बहुतेक भांडणे या तिन्हींची गल्लत झाल्याने पेटली आहेत.

५/
आरंभ पॅरिसचा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या उत्तरार्धात ग्राक्कस बाबफ याने कायद्यापुढील समता अपुरी ठरवून संपत्तीच्या समाईकतेची मागणी केली. त्याचा ‘समांचा कट’ फसला आणि मे १७९७ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा साथीदार बुओनारोती याने १८२८ मध्ये त्या कटाचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि नव्या पिढीच्या हाती तो विचार पुन्हा आला.

६/
१ जुलै १८४० रोजी पॅरिसलगतच्या बेलव्हिल येथे ‘कम्युनिस्ट मेजवानी’ झाली. सभांवर बंधने असल्याने भोजनसमारंभाच्या निमित्ताने राजकीय भाषणे करण्याची तेव्हा रीत होती. सुमारे १२०० लोक जमले. ‘कम्युनिस्ट’ हा शब्द पुढे रूढ होण्यात या मेजवानीचा मोठा वाटा मानला जातो. शब्द रुजत असतानाच त्याच्या अर्थावरचा तंटाही सुरू झाला.

७/
एका बाजूला एत्येन काबे. त्याने ‘इकारिया’ नावाच्या काल्पनिक देशाची कादंबरी लिहिली. त्याचा साम्यवाद शांततामय होता. येशूच्या मूळ शिकवणीचाच तो आविष्कार आहे, असे तो मानी. दुसऱ्या बाजूला त्याचाच एकेकाळचा लेखनिक तेओदोर देझामी, कट्टर जडवादी. काबे पुढे अनुयायांसह अमेरिकेत वसाहत वसवायला गेला. १८५६ मध्ये त्याच वसाहतीतील बहुमताने त्याला बाहेर काढले. समाईक जीवन म्हणजे काय, यावर इकारियातही एकमत होऊ शकले नाही.

८/
आता ३० मार्च १८४६, ब्रुसेल्स. एका खोलीत विल्हेल्म वाइटलिंग आणि कार्ल मार्क्स समोरासमोर बसले आहेत. वाइटलिंग हा शिंपी. कारागिरांमध्ये त्याला मोठा मान. त्याचा साम्यवाद न्यायबुद्धी, बंधुभाव आणि धर्मभावनेतून आलेला. मार्क्सचा प्रश्न असा की, पक्क्या सैद्धान्तिक पायाशिवाय कामगारांना चेतवणे ही त्यांची फसवणूक नव्हे काय? शब्दाने शब्द वाढला आणि अखेर मार्क्सने टेबलावर मूठ आपटली. तेथे उपस्थित असलेल्या आन्नेन्कोव्ह या रशियन गृहस्थाने हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

९/
या बैठकीत पुढच्या शतकाचे बीज आहे. साम्यवाद ही नैतिक हाक की इतिहासाच्या गतीचे शास्त्र? मार्क्स आणि एंगल्स यांनी याच सुमारास आपल्या हस्तलिखितात मांडले की, साम्यवाद हा आधी आराखडा काढून जगावर लादायचा आदर्श नसून प्रचलित व्यवस्था मोडून काढणारी प्रत्यक्ष चळवळ आहे. आपल्या तीन अर्थांपैकी हा दुसरा. गंमत अशी की हे हस्तलिखित समग्र स्वरूपात प्रसिद्ध झाले १९३२ मध्ये. तोवर चळवळीने या वाक्यांविनाच अर्धे जग हलवले होते.

१०/
फेब्रुवारी १८४८ मध्ये लंडनहून जाहीरनामा निघाला, तो ‘कम्युनिस्ट’ जाहीरनामा. ‘समाजवादी’ का नाही? याचा खुलासा एंगल्सने चाळीस वर्षांनी, १८८८ च्या प्रस्तावनेत केला. त्या काळी समाजवाद हे सुशिक्षित मध्यमवर्गाचे, प्रतिष्ठित दिवाणखान्यांत शोभणारे प्रकरण होते; साम्यवाद हा कामगारांचा शब्द होता. नावाची निवड म्हणजे पक्षाची निवड, हा धडा पुढे वारंवार गिरवला गेला.

११/
पण कामगार चळवळीतही हा शब्द सर्वांना रुचला नाही. बाकुनिनने १८६८ मध्ये जाहीरपणे सांगितले की त्याला साम्यवादाचा तिटकारा आहे, कारण त्यात समाजाचे सारे बळ राज्यसंस्थेच्या पोटात जाते. तो स्वतःला ‘समूहवादी’ म्हणवी. १८७२ मध्ये हेग येथे त्याला पहिल्या इंटरनॅशनलमधून काढण्यात आले. आणि लगेच पुढच्या पिढीत क्रोपोत्किनसारख्या अराज्यवाद्यांनी तोच शब्द उचलून ‘अराज्यवादी साम्यवाद’ उभा केला : राज्यसंस्था आधी जाईल, मगच साम्यवाद येईल!

१२/
आता या कथेतला कळीचा दस्तऐवज. १८७५ मध्ये जर्मन समाजवाद्यांच्या गोथा येथील कार्यक्रमावर मार्क्सने टीकाटिपणे लिहिली. त्यात त्याने साम्यवादी समाजाचे दोन टप्पे कल्पिले. पहिल्या टप्प्यात ज्याने जितके श्रम केले तितका त्याला मोबदला. पुढच्या, प्रगत टप्प्यात मात्र वाटप गरजेप्रमाणे. मार्क्सच्या हयातीत ही टिपणे अप्रकाशित राहिली. एंगल्सने ती १८९१ मध्ये छापली.

१३/
येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. मूळ युरोपीय शब्दाचा गाभा ‘समाईक’ असा आहे. आपण शब्द घडवला ‘साम्यवाद’; त्यात गाभा ‘समता’ झाला. पण त्या टिपणांत मार्क्स समान हक्काच्या कल्पनेवरच बोट ठेवतो. दोन कामगारांना समान श्रमाचा समान मोबदला दिला. एकाच्या घरी खाणारी सहा तोंडे, दुसरा एकटा. हक्क समान, पण जगणे विषम. म्हणून अंतिम टप्प्याचे माप समता हे नसून गरज हे आहे. आपला प्रतिशब्द रूढ आहे, सुबोध आहे. पण तोही एका परीने एक व्याख्याच आहे.

१४/
लेनिनने १९१७ मध्ये लिहिलेल्या ‘राज्यसंस्था आणि क्रांती’मध्ये या दोन टप्प्यांना दोन नावे पक्की केली : पहिला तो समाजवाद, दुसरा तो साम्यवाद. मार्च १९१८ मध्ये बोल्शेविकांनी पक्षाचे नाव बदलून ‘कम्युनिस्ट’ केले. कारण सरळ होते. १९१४ मध्ये युरोपातील बहुतेक सोशल डेमॉक्रॅट पक्ष आपापल्या सरकारांच्या मागे युद्धात उतरले होते. ते नाव लेनिनला डागाळलेले वाटत होते. १८४८ ची युक्ती पुन्हा वापरली गेली.

१५/
आता शब्दापाशी सत्ता आली. त्याच वर्षी कार्ल काउट्स्की या मार्क्सवादाच्या ज्येष्ठ भाष्यकाराने आक्षेप घेतला : लोकशाहीवाचून समाजवाद असूच शकत नाही. लेनिनने त्याला धर्मभ्रष्ट ठरवणारे पुस्तक लिहिले. रोझा लुक्सेम्बुर्गने क्रांतीचे स्वागत केले, परंतु विरोधी मताची गळचेपी क्रांतीलाच मारक ठरेल, असे तुरुंगातून लिहून ठेवले. मार्च १९२१ मध्ये क्रॉनश्टाटच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या मुक्त निवडणुका मागितल्या. त्यांचे बंड लष्कराने मोडले. हे सारे लोक स्वतःला क्रांतीचेच पाईक समजत होते.

१६/
१९२० मध्ये तिसऱ्या इंटरनॅशनलने प्रवेशासाठी २१ अटी घातल्या. त्यातील १७ वी अट नावाविषयी होती : प्रत्येक पक्षाने स्वतःला ‘अमुक देशाचा कम्युनिस्ट पक्ष’ म्हणवावे आणि तो इंटरनॅशनलचा विभाग असल्याचे नमूद करावे. व्याख्या आता सदस्यत्वाचा दाखला बनली. या अटींवरून फ्रान्स व इटलीतील समाजवादी पक्ष दुभंगले.

१७/
ही १७ वी अट कानपूरपर्यंत पोहोचली. १९२५ चे अधिवेशन भरवण्यात पुढाकार होता सत्यभक्त यांचा. त्यांचा आग्रह होता पक्षाला ‘भारतीय कम्युनिस्ट पक्ष’ म्हणावे. त्याने मॉस्कोच्या अधीन असू नये. इतरांना हवे होते इंटरनॅशनलच्या धर्तीवरचे ‘भारताचा कम्युनिस्ट पक्ष’. वरवर पाहता शब्दांची अदलाबदल. आत दडलेला प्रश्न, साम्यवाद्याची निष्ठा प्रथम कोणाला? सत्यभक्त हरले, बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला.

१८/
व्याख्या करण्याची गरज सत्तेलाही असते. २० मार्च १९२९ रोजी मुंबई, कलकत्ता आदी ठिकाणी धरपकड झाली आणि मीरत खटला उभा राहिला. मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी आरोपींत होते. गिरणी संपांतून पुढे आलेली ही माणसे. सर्व आरोपी कम्युनिस्ट पक्षाचे नव्हतेही. आरोप होता सम्राटाचे सार्वभौमत्व हिरावण्याच्या कटाचा. सरकारच्या दृष्टीने साम्यवाद म्हणजे कट. आरोपींनी प्रदीर्घ निवेदनांतून तो एक विचार आणि कामगारांचे राजकारण म्हणून मांडला. जानेवारी १९३३ मध्ये जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षा झाल्या. ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या बऱ्याच कमी केल्या. पुढच्या वर्षी पक्षावर बंदी आली.

१९/
तिकडे मॉस्कोत स्टालिनने नोव्हेंबर १९३६ मध्ये घोषित केले की सोव्हिएत संघाने पहिला टप्पा, म्हणजे समाजवाद, मूलतः गाठला आहे. घोषणेचे वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झिनोविएव्ह आणि कामेनेव्ह या जुन्या बोल्शेविकांना खटला चालवून गोळ्या घालण्यात आल्या होत्या. समाजवाद गाठलाच असेल, तर त्यावर शंका घेणारा शत्रूच ठरतो. व्याख्या आता जिवावर बेतू लागली.

२०/
हद्दपार ट्रॉट्स्कीने सोव्हिएत संघाला ‘अधःपतित कामगार राज्य’ म्हटले : मालकी सार्वजनिक आहे, पण सत्ता नोकरशाहीने बळकावली आहे. त्याचे काही अनुयायी याहून पुढे गेले. मॅक्स शाख्टमनने १९४० मध्ये त्याच्याशी फारकत घेतली. टोनी क्लिफने १९४८ मध्ये ती सरळ ‘राज्य-भांडवलशाही’ ठरवली. युगोस्लाव्हियाच्या सत्तेतील एकेकाळचे बडे नेते मिलोवान जिलास यांनी १९५७ च्या पुस्तकात लिहिले की पक्षाचे अधिकारी हाच एक नवा मालकवर्ग झाला आहे. पुस्तक निघाले तेव्हा ते तुरुंगातच होते. त्यापायी त्यांची शिक्षा वाढली.

२१/
१९६१ मध्ये ख्रुश्चेव्हने साम्यवादाला चक्क मुदत घातली. पक्षाच्या २२ व्या अधिवेशनातील कार्यक्रमानुसार १९८० पर्यंत साम्यवादी समाज बहुतांशी उभा राहणार होता. ती तारीख जवळ येऊ लागली तसा ब्रेझनेव्हच्या काळात एक नवा मुक्काम निघाला, ‘विकसित समाजवाद’. १९७७ च्या राज्यघटनेत तो नोंदवलाही गेला. १९८० मध्ये मॉस्कोत ऑलिंपिक झाले, आणि साम्यवादाऐवजी ऑलिंपिक मिळाले, असा विनोद सोव्हिएत नागरिक आपसात करू लागले.

२२/
चीनमध्ये ही घाई प्राणघातक ठरली. ऑगस्ट १९५८ मध्ये पक्षनेतृत्वाने साम्यवाद आता दूर नाही, अशी ग्वाही दिली. लोककम्यून उभे राहिले. सार्वजनिक भोजनगृहांत फुकट जेवण सुरू झाले. पिकांचे आकडे फुगवले गेले, त्या आकड्यांवरून धान्यवसुली झाली आणि भीषण दुष्काळ पडला. मृतांचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. १९५९ मध्ये लुशान येथे या धोरणावर बोट ठेवणाऱ्या संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांचे पद गेले. १९८७ मध्ये त्याच पक्षाने ठरवले की देश अजून ‘समाजवादाच्या प्राथमिक अवस्थेत’ आहे, आणि ती अवस्था किमान शंभर वर्षे चालेल.

२३/
यातून एक वस्तुस्थिती पुढे येते, जी वादविवादात हमखास विसरली जाते. सोव्हिएत संघ आणि चीन, दोघांनीही आपण साम्यवाद गाठल्याचा दावा कधी केला नाही. त्यांच्या मते ते समाजवादाच्या वाटेवर होते. ‘कम्युनिस्ट राष्ट्रे’ हे नाव प्रामुख्याने बाहेरच्या जगाने दिले. म्हणजे पहिल्या अर्थाने साम्यवाद तेथे नव्हता. तिसऱ्या अर्थाने तो निःसंशय होता. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

२४/
हा ताण अचूक हेरणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, ते काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. याच विषयावरील त्यांच्या निबंधात ते मार्क्सच्या सिद्धान्तातून काय टिकले याची झडती घेतात. खासगी मालकीतून शोषण आणि दुःख उद्भवते, हा भाग ते ग्राह्य धरतात. मतभेद साधनांचा : हिंसा आणि हुकूमशाही. आणि राज्यसंस्था विरून जाणार असेल तर केव्हा, आणि तिच्या जागी काय येणार, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही, हे ते दाखवून देतात. ध्येय आणि राजवट यांच्यामधली दरी ती हीच.

२५/
आता आजच्या दोन लाडक्या युक्तिवादांकडे वळू. पहिला : ‘खरा साम्यवाद कुठे झालाच नाही.’ यात पळवाट आहे. प्रत्येक अपयशानंतर व्याख्या मागे सरकवली, तर सिद्धान्त कधीच कसोटीला लागत नाही. १९६१ आणि १९५८ च्या वचनांचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. ती वचने त्या ध्येयाच्या नावानेच दिली गेली होती आणि माणसे त्यांच्यापायीच मेली.

२६/
दुसरा : ‘जे घडले तोच आणि तेवढाच साम्यवाद.’ यात अन्याय आहे. लुक्सेम्बुर्ग, क्रॉनश्टाटचे खलाशी, जिलास यांना ही व्याख्या इतिहासातून पुसून टाकते. ज्या साम्यवाद्यांना साम्यवादी राजवटीने चिरडले त्यांचा हिशेब तिच्यात कोठेच बसत नाही. शिवाय व्याख्या करण्याचा एकाधिकार तिने नकळत स्टालिनलाच बहाल केलेला असतो.

२७/
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा शब्द भेटताच तीन प्रश्न विचारावेत. येथे ध्येय अभिप्रेत आहे, चळवळ की राजवट? ही व्याख्या कोण करत आहे आणि कोणत्या साली? आणि ती मान्य केली तर कोण आत राहतो, कोण बाहेर फेकला जातो? एवढे विचारले की निम्मी भांडणे विरघळतात. उरलेली निम्मी मात्र खरी असतात आणि ती करण्याजोगी असतात.

२८/
शेवटी पुन्हा ताश्कंदच्या त्या सात जणांकडे. एम. एन. रॉय यांना १९२९ मध्ये इंटरनॅशनलमधून काढून टाकले. पुढे ते मार्क्सवाद ओलांडून नवमानवतावादाकडे गेले. एम. पी. टी. आचार्य अराज्यवादी झाले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात मुंबईत राहिले. अबनी मुखर्जींना १९३७ मध्ये सोव्हिएत संघातच, स्टालिनच्या दमनसत्रात, गोळ्या घालण्यात आल्या. एकाच दिवशी एकाच नावाखाली एकत्र आलेली ही माणसे होती. त्या नावाचा अर्थ काय, याचे उत्तर प्रत्येकाला वेगळे सापडले, आणि एकाच्या बाबतीत ते दुसऱ्यांनी ठरवले.

धागा समाप्त. तुमच्या मते पक्षाची स्थापना ताश्कंदची की कानपूरची? उत्तर देताना व्याख्याही लिहा.